माझ्या कवितांचं कुलूप आणि तिसरा वाचक

३ जानेवारी
संकल्प. आयुष्यभराच्या कविता यंदा जगापुढे आणायच्या. पण चोरीचं काय? इंटरनेटवर कविता टाकली की सकाळपर्यंत ती दुसऱ्याच्या नावाने फिरू लागते. जावई सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याला बोलावून घेतलं. म्हणाला, पुस्तकाला डिजिटल कुलूप लावता येतं, त्याला डीआरएम म्हणतात. मी विचारलं, लाखभर वाचक एकदम आले तर कुलूप टिकेल का? तो म्हणाला, "बाबा, त्याचं टेन्शन नका घेऊ." मी घेणार. स्केलचा विचार आधीच करून ठेवलेला बरा.

९ जानेवारी
योजना पक्की. पिअर-टु-पिअर. मधे सर्व्हर नाही. शाळेत बाकाखालून चिठ्ठी सरकायची तसं पुस्तक एका वाचकाच्या यंत्रातून दुसऱ्याच्या यंत्रात जाणार. किल्लीचे तुकडेही वाचकांकडेच. कोणतीही तीन यंत्रं एकाच वेळी चालू असली की कुलूप उघडतं. जितके वाचक जास्त, तितकं काम सोपं. जावई म्हणाला, आणि वाचक कमी पडले तर? या पिढीत उत्साहच नाही.

१० जानेवारी
सगळ्या कविता स्कॅन केल्या, कुलूप लावलं. मूळ कागद फाडून बादलीत भिजवले. बाहेर एकही प्रत राहता कामा नये. ही म्हणाली, एक तरी ठेवा. हिला सिक्युरिटी कळत नाही. बादली मात्र हिनेच रिकामी केली. फार चटकन केली.

२ फेब्रुवारी
वर्गमित्रांच्या ग्रुपवर पुस्तक फुकट टाकलं. काय तो वर्ग! खडूची भुकटी, ओल्या पाटीचा वास, खिडकीतून येणारं तिरपं ऊन, आणि बाईंनी चाल लावली की सगळा वर्ग डोलायचा. मला मराठीचं अख्खं पुस्तक पाठ. म्हणून पोरं मला पोपट म्हणायची. प्रेमाने. अजून म्हणतात. ग्रुपवर सात-आठ अंगठे आले. एकाने विचारलं, पोपट्या, हे डिलीट कसं करायचं? म्हणजे डाउनलोड तरी केलं.

२० फेब्रुवारी
स्क्रीनवर वाचक तीन. एक मी. एक जावयाचं ऑफिसातलं मशीन. तिसरा अनामिक! दिवसरात्र हजर असतो, पुस्तक मिटतच नाही. असतो, किंवा असते. खिडकीशी बसलेली एखादी प्राध्यापिका असावी. हनुवटीखाली हात. तिच्यावर कविता सुचत होती, तेवढ्यात हिने मटार सोलायला बसवलं.

५ मार्च
मुलीचा फोन. आईच्या साठाव्या वाढदिवसाला एखादी कविता कागदावर उतरवून द्या म्हणाली. नकार दिला. कॉपी ती कॉपीच, मग ती घरातली का असेना. हिला म्हटलं, रीतसर लायसन्स घे. घेतलं नाही. बोलतही नाही.

१८ मार्च
जुन्या वर्गाचं संमेलन ठरलं. वर्गाचा मॉनिटर अजूनही मॉनिटरच; त्याने मला कवितावाचनाला वेळ दिलाय. पण आटोपतं घे म्हणाला. मोठ्या पडद्यावर पुस्तक उघडून वाचणार. आता कळेल पोपट कोण आहे.

२९ मार्च
हिने जुना फोन देऊन मिक्सर आणला. चांगला सौदा. तो फोन उगाच ओट्याजवळ चार्जिंगला लावलेला असायचा. जावयाने लावून ठेवला होता, कशाला देव जाणे.
दुपारपासून अनामिक वाचक दिसत नाही. आजारी असेल बिचारी.

४ एप्रिल, परतताना बसमध्ये
पडद्यावर मोठ्या अक्षरांत: "वाचकांची वाट पाहत आहोत." समोर वर्ग बसलेला, सगळा हॉल भरलेला. मॉनिटर म्हणाला, ज्यांच्याकडे पोपटाचं पुस्तक असेल त्यांनी फोन चालू करा. सगळे छताकडे बघू लागले. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे पोपट्या, तुला सगळं पाठ असायचं ना? म्हण की एखादी."
म्हटली. माझी सर्वांत जुनी, दिव्याच्या खांबावरची. पहिली ओळ मी म्हटली. दुसरी मला म्हणावीच लागली नाही. सगळ्या हॉलने म्हटली, चालीसकट. शेवटच्या बाकावाल्यांनी ताल धरला. कडवं संपलं आणि हसायला लागले. बराच वेळ हसत होते.
पायरसी. अख्खा वर्ग सामील आहे.

५ एप्रिल
जावयाला झापलं, कुलूप फुटलं म्हणून. त्याने माझ्याच फोनवर मॉनिटरने ग्रुपवर टाकलेला फोटो दाखवला. पाचवीच्या पाठ्यपुस्तकाचं पान. आम्ही पाचवीत होतो त्या वर्षीचं. मी म्हणालो, म्हणजे चोरी तेव्हापासून चालू आहे. मग त्याने तिसरा वाचक कोण होता तेही सांगितलं. किल्लीचा तुकडा मिक्सरच्या बदल्यात गेला, कुलूप आता कायमचं. बाकीच्या कविता तरी माझ्याच होत्या, मी म्हणालो. म्हणाला, "बाबा, आता कुणालाच तपासता येणार नाहीत. तेवढंच बरं झालं."
ही मिक्सर पुसत होती. वर न बघता म्हणाली, "लग्न ठरल्यावर हीच म्हणून दाखवली होतीत. माझ्यावर केली म्हणून. मला पाचवीपासून पाठ होती."
इतकी वर्षं गप्प बसली. म्हणजे पहिली चोरटी प्रत घरातच होती.

६ एप्रिल
संकल्प. सगळ्या कविता आठवून पुन्हा लिहायच्या. सकाळपासून कागद घेऊन बसलोय.
खांबाचीच आठवते.