कानातलं मेकॅनिक्स

३ फेब्रुवारी २०२५
आजपासून खडू बंद. इंजिनिअरिंग मेकॅनिक्स पॉडकास्टवर शिकवणार. मुलं एरवीही कानात बोळे घालूनच वर्गात बसतात, निदान त्या बोळ्यांतून आता मी बोलेन. नाव ठरलं, 'कानातलं मेकॅनिक्स'. नम्रता म्हणाली, सराफाची जाहिरात वाटते. बायकोला व्हिजन नसणं हा सदाशिव पेठेतल्या संशोधकांचा जुनाच प्रॉब्लेम.

७ फेब्रुवारी, दुपारी
पहिलं रेकॉर्डिंग. खाली भंगारवाला, वर कुणाचा तरी मिक्सर. शेवटी कपाटात, रजयांत डोकं घालून बोललो. आवाज अप्रतिम! मध्येच नम्रताने कपाट उघडलं, साडी काढली आणि परत लावून घेतलं.

१२ फेब्रुवारी
विभागप्रमुख शेफाली मॅडमनी विचारलं, मेकॅनिक्स म्हणजे सगळ्या आकृत्या, त्या कानाने कशा दाखवणार आपण? मी नुसता हसलो. आकृती काढायला लावणं म्हणजे कल्पनाशक्तीचा गळा घोटणं. ब्रीद तिथल्या तिथे सुचलं: आकृती काढू नका, आकृती व्हा. मॅडम म्हणाल्या, रिझल्ट लागला की बघू.

२० फेब्रुवारी
ऐकणारे फारसे नाहीत. चालेल. क्वालिटी हवी.
रतन मात्र सगळे एपिसोड ऐकतो. यवतमाळकडचा पोरगा. खडकीला एका वर्कशॉपमध्ये सकाळची शिफ्ट करतो, त्यामुळे वर्गात येणं होत नाही. पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्सचा पेपर अजून अडकलाय. या वेळी सुटला नाही तर तिसऱ्या वर्षात प्रवेश नाही, आणि वर्ष गेलं तर वडील शिक्षण बंद करून घरी नेणार. नारायण पेठेत क्लासला जातो म्हणाला, तिथले सर रोज आकृत्या घोटून घेतात. क्लास सोड म्हटलं, मी आहे ना. सोडला लगेच! असा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

१८ मार्च
आज शिडी. भिंतीला टेकलेली शिडी, तिच्यावरची बलं. 'डोळे मिटा. तुम्ही शिडी आहात. जमीन तुम्हाला वर ढकलतेय, भिंत दूर ढकलतेय.' बोलता बोलता मलाच गहिवरून आलं.
रतनने आकृत्यांची पीडीएफ मागितली होती. द्यावी की काय, असं क्षणभर वाटलं. पण ती माघार झाली असती. नाही दिली.

६ मे
उद्या मेकॅनिक्सचा पेपर. रतनचा फोन. सर, पेपरात तरी आकृती काढू ना? कमाल आहे. इतके एपिसोड ऐकून हीच शंका? चांगला झापला. सॉरी सर म्हणाला.

२७ मे
विद्यापीठाचे पेपर तपासायला गेलो होतो. पेपरवर नाव नसतं, बारकोड असतो. आपल्या कॉलेजचे पेपर आपल्याकडे येत नाहीत म्हणे.
एक भन्नाट पेपर निघाला. आकृती औषधालाही नाही. शिडीच्या प्रश्नाला इंग्रजीत लिहिलंय, मी शिडी आहे, जमीन मला वर ढकलते, भिंत मला दूर ढकलते. पुढे गणित, उत्तरही बरोबर. म्हणजे माझा पॉडकास्ट दुसऱ्या कॉलेजांत पोचला! पण तिथल्या पोरांना तो झेपलेला दिसत नाही. मोठ्याने वाचून दाखवला. टेबलावरचे सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. एपिसोड कुणाचा ते बोललो नाही.
विद्यापीठाच्या मार्किंग स्कीमप्रमाणे आकृती नाही तर पुढचे मार्क नाहीत. आमची तपासणी तपासणारे मॉडरेटर पाठीशीच उभे होते. शून्य दिलं. आकृत्यांवाचून सगळा पेपरच नापास. स्कीम म्हणजे स्कीम.

२ जुलै
रिझल्ट. रतन नापास. मेकॅनिक्समध्येच. पेपर अवघड काढला असणार. शेफाली मॅडमनी रिझल्टचा प्रिंटआउट माझ्या टेबलावर आणून ठेवला. ऑनलाइन रिझल्टमध्ये हल्ली पुष्कळ गोंधळ असतात.

५ जुलै, संध्याकाळी
रतन घरी आला होता. खोली सोडली. वडिलांनी गावाकडे कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटवलंय, सोमवारपासून जायचं. पुढच्या वेळी परत बस म्हटलं. आता कुठलं सर, म्हणाला.
मग स्वतःहूनच सांगायला लागला. शिडीचा प्रश्न बघून आनंद झाला, डोळे मिटले, तुमचा आवाज आठवला, जसंच्या तसं लिहिलं. मी शिडी आहे, इथपासून.
आकृती काढली नाहीस का, एवढंच विचारलं. तुम्हीच नको म्हणालात ना सर, म्हणाला. तक्रार नव्हती त्यात.
नम्रताने त्याच्यापुढे चहा ठेवला. माझ्यापुढे नाही.
जाताना वाकून नमस्कार केला. म्हणाला, ज्या सरांनी माझा पेपर तपासला ना, त्यांना शिकवता येत नसणार.
मी हो म्हटलं.