खिडकीजवळची गादी

अनुदान खात्याचे तपासनीस साहेब,

आमच्या हजेरीवर तुमचा काडीचा विश्वास नाही. म्हणून दुपारी मुलं झोपली की तुम्ही पाळणाघरात येता, चवड्यांवर चालत डोकी मोजता आणि तेवढ्याच जागांना अनुदान देता. गेल्या खेपेला एक डोकं जास्त मोजलंत. मी म्हटलं, "साहेब, खिडकीजवळची गादी रिकामी आहे." तर माझ्यावरच डाफरलात, "बाई, मला शिकवू नका. आत्ता माझ्यासमोर कूस बदलली त्यानं."

जागा मंजूर झाली. ती चूक कळवायला आज दुपारी हे पत्र लिहायला घेतलं, तेवढ्यात गाद्या गुंडाळणाऱ्या मावशी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, हिला हात लावून बघा." गादी उबदार होती. त्या खिडकीत ऊन येत नाही, साहेब.

संध्याकाळी सगळ्या आया आपापली मुलं घेऊन गेल्या. मी कुलूप लावायला वळले, तर आतून कुणीतरी अगदी शहाण्यासारखं विचारलं, "माझी आई?"

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्ही जागा काढून घ्याल, आणि त्याला न्यायला अजून कुणी आलेलं नाही.

दार उघडं ठेवून बसलेली,
पाळणाघराची बाई