एकशे चारावं खोकं

४ जून
आले एकदाची! दफ्तरखाना म्हणजे जुन्या इमारतीचा अख्खा तळमजला. तीनशे बारा खोकी, आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही. सूची करायला एका संस्थेने वर्षभराचं अनुदान दिलंय, म्हणून मी. अट एकच: खोक्यात निघेल त्या प्रत्येक कागदाची नोंद, आणि नोंद झालेला कागद सगळ्यांसाठी खुला. शिपायाने विचारलं, ताई, एवढ्या धुळीत करमेल का? म्हटलं, धूळ सांत्वन करत नाही, आमचं छान जमेल. माझी लेक ठमी गेल्याला दोन वर्षं झाली. सहा वर्षांची होती. आज पहिल्यांदा पोटभर जेवले. नवऱ्याला फोनवर तसं सांगितलंही.

१९ जून
रोज साठ नोंदी. एका बाईने पाणीखात्याला लिहिलेली सतरा खरमरीत पत्रं सापडली. माझा तिच्यावर जीव जडलाय. आज एक आजोबा सूची पाहून आले, वडिलांचा अर्ज मागितला आणि सहीवर बोट ठेवून ढसाढसा रडले. यासाठीच तर हे काम करायचं.

८ जुलै
खोकं एकशे चार. तळाशी ठमीने काढलेला पाच पायांचा घोडा. पाचवा पाय दमल्यावर वापरायला. हे चित्र आम्ही चितेवर तिच्याबरोबरच दिलं होतं. तरी नोंद केली. नोंदवलेलं हरवत नाही, असं मीच सगळ्यांना सांगत आलेय.

९ जुलै
सूची वाचून शिपाई हसत म्हणाला, दमल्यावर वापरायचा पाय, काय डोकं पोरीचं! मला काहीच कळेना. कालचं पान वाचलं, तेव्हा कळलं. घोडा आठवत नाही. अजिबात नाही.

१५ जुलै
त्याच खोक्यात नवा कागद. ठमी कशी हसायची ते लिहिलेलं, माझ्याच अक्षरात. मी कधी लिहिलंच नव्हतं. हा नोंदवला नाही, उराशी धरून बसले. दुपारपर्यंत शाई उडाली, कागद कोरा. नवऱ्याला विचारलं, ती कशी हसायची? त्यालाही आठवेना.

म्हणजे नोंदवलं तर माझ्याकडून जातं. नाही नोंदवलं तर सगळ्यांकडून.

३० जुलै
खोक्यात रोज तिचा नवा कागद. नोंदवत सुटलेय. त्या नोंदी वाचायला इतकी माणसं येतात की वाचनकक्षात बसायला जागा नाही. एक बाई पोरीबद्दल वाचून माझ्या गळ्यात पडून रडली. मी पाणी दिलं, विचारलं — तुमची कोण होती ती?

२ ऑगस्ट
नवऱ्याचा फोन. आज तिचा वाढदिवस म्हणे. मी — कुणाचा, म्हणून विचारलं. मी विचारलं त्याला. देवा —

५ ऑगस्ट
शेवटचा कागद. फक्त नाव. खरं नाव, पाळण्यातलं. कडेची शाई फिकी व्हायला लागलीय —

नवरा म्हणतो, राहू दे, तुझ्याकडे ठेव. ठेवू कशी? पुसून जाईल पोर. कुणीतरी हाक मारायला हवी ना तिला. मी नाही तर कुणीतरी —

नोंदवते. आधी इथे, एकदाच, माझ्यापुरतं. माझी लेक. तिचं नाव —