रस्त्यात आलेलं घर

मंगळवार, ७
काम मिळालं. समुद्रकाठच्या नव्या रस्त्यात जाणाऱ्या घरांचे आणि शेतांचे फोटो. स्टुडिओत महिनाभर कोणी फिरकलेलं नाही, नाही कसं म्हणू? बांधकाम खात्यातले साहेब म्हणाले, "भेगा दिसल्या पाहिजेत. आणि लोकांना काही सांगत बसू नका."

बुधवार, ८
उजाडताच निघाले. दुपारपर्यंत निम्मी घरं झाली — भिंती, कुंपणं, विहिरी. मध्येच एका बांधावरून समुद्र असा काही दिसला की दहा-बारा फोटो स्वतःसाठी काढले. लगेच चोरी केल्यासारखं वाटलं.

शेवटचं घर उतारावर. एक मावशी एकट्याच राहतात. कॅमेरा पाहून म्हणाल्या, "थांब जरा." केस विंचरून, कपडे बदलून आल्या. अंगणही झाडलं. "कशासाठी काढतेस?" मी म्हटलं, कॅलेंडरसाठी. जीभ कशी रेटली कोण जाणे. त्या चौकटीला हात लावून दारात उभ्या राहिल्या. "बाजूचा समुद्र येऊ दे हं." आला.
त्या चहा ठेवायला आत गेल्या, तेवढ्यात मी मागच्या भिंतीची भेग टिपली. चहा अर्धाच ठेवून निघाले.

गुरुवार, ९
डोळ्याला डोळा नाही. ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू नसतीस तर दुसरं कोणी गेलं असतं. तू फक्त बटण दाबलंस." खरंच आहे. मग सकाळपासून काउंटरची तीच काच का पुसतेय मी?

शुक्रवार, १०
साहेबांनी दारातला फोटो बाजूला सारला. "हा नको. यात घर फारच चांगलं दिसतंय, भरपाई जास्त द्यावी लागेल." भेगेचा ठेवून घेतला. मी मान डोलावली. डोलावली!

शनिवार, ११
दारातला फोटो मोठा करून छापला. दोनदा पाकिटात घातला, दोनदा काढला. ह्यांनी विचारलं, कोणाचा? म्हटलं, गिऱ्हाइकाचा.

रविवार, १२
जाऊन आले. उंबऱ्यावरच एका दमात सगळं सांगून टाकलं — रस्ता, भेग, कॅलेंडरचं खोटं. मावशींनी फोटो उजेडात धरला, बराच वेळ पाहिला.
"नोटीस तू यायच्या आधीच आली होती गं. म्हटलं, फोटो काढायला कोणीतरी येणारच आहे, तर नीट उभं राहावं."