हिच्या मशीनचा गिअर

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोजकं लिहायचं, खरं लिहायचं.
ही परवा बहिणीकडे गेली. विश्रांतीला. दोन मोठ्या बॅगा नेल्या, कारण थंडी आहे. शिलाई मशीन इथेच आहे. ही मशीनपासून किती दिवस लांब राहील? फार तर दहा.
मशीनमधला नायलॉनचा गिअर तुटलाय. एकवीस दातांपैकी चार गेले. महिनाभर ही सांगत होती, दुकानात मिळतो, घेऊन या. मी म्हटलं, विकत कशाला, प्रोग्रॅम लिहून मी स्वतः दात काढतो. जातानाही याच विषयावर बोलणं झालं. बोललो मीच.

५ फेब्रुवारी
पद्धत ठरली. स्क्रीनवर गोल चकती घ्यायची. तिच्याभोवती सरळ दातांची पट्टी किंचित किंचित सरकवत फिरवायची. दर वेळी पट्टीखाली येईल तेवढा भाग चकतीतून वजा. उरेल तो दात. आकार आपण काढायचाच नाही, तो आपोआप उरतो!
हिला फोनवर वीस मिनिटं समजावलं. तिने विचारलं, मशीन कधी होईल? बघा, जीव अडकलाय. रविवारी, म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार
दात करवतीसारखे आले. टप्पे कमी पडले. चाळीसचे चारशे केले. आता कडेला केसाएवढे कपचे उरतात आणि प्रोग्रॅम त्यांनाही दात समजतो. एकूण दात सहाशे बारा. कॉम्प्युटर जुना आहे.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१० फेब्रुवारी, सकाळी साडेनऊ
उठलो.

१७ फेब्रुवारी
कपचे गेले! दात लोण्यासारखे गुळगुळीत. मशीनमधल्या दुसऱ्या चाकाशी स्क्रीनवर जोडून फिरवले. मधली फट शून्य. अक्षरशः शून्य. डोळ्यांत पाणी आलं.
हिला फोटो पाठवला. तिने पाहिला. उत्तर नाही. तिकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो.

२० फेब्रुवारी
फाइल घेऊन वर्कशॉपच्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. म्हणाले, फट कुठंय? दाताला दातात फिरायचं तर केसभर जागा सोडावी लागते, नाहीतर अडकेल. मी शांतपणे सांगितलं की फट म्हणजे ढिसाळपणा. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले, म्हणाल तसं कापून देतो. वर असंही म्हणाले की हा गिअर समोरच्या दुकानात तयार मिळतो. तिकडे दुर्लक्ष केलं.

२२ फेब्रुवारी
गिअर बसवला. चाक जागचं हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला. नवे तीन दात गेले.
मिस्त्रींनी नायलॉन हलक्या प्रतीचं वापरलंय.

१ मार्च
मेव्हणीचा फोन. म्हणाली, भाऊजी, ताईने इथे चाळीस फ्रॉकचं काम घेतलंय, माझं एकच मशीन दोघींना पुरत नाही. तुमच्याकडचं होणार की नाही, तेवढं सांगा.
चाळीस फ्रॉक! म्हणजे माझ्याविना वेळ जात नाही, म्हणून मन रमवतेय बिचारी.

८ मार्च
आज काम नाही केलं. संध्याकाळी ही शिवायला बसली की मी मधलं दार लावून घ्यायचो, आवाजाने विचार तुटतो म्हणून. आता आवाज नाही आणि विचारही धड होत नाही. हिची फार आठवण येते. हे प्रोग्रॅमच्या नोंदीत बसत नाही, पण लिहिलं.

१५ मार्च
फट ठेवली. एक आकडा बदलायचा होता. शोध तसा माझाच, मिस्त्रींनी नुसता उल्लेख केला होता. त्यांनी पुन्हा कापून दिला आणि एका शब्दाने टोमणा मारला नाही. भला माणूस.
मशीन चालू झालं! अर्धा तास चिंध्या शिवत बसलो. हिला फोन केला. म्हणाली, पुढच्या रविवारी येते. येते! स्वतःच्या तोंडाने!

२२ मार्च
कपाटातला तिचा कप्पा रिकामा केला. माझे शर्ट तिथे कधी घुसले कोण जाणे. उशीचे अभ्रे बदलले. दूध जास्त घेतलं.
संकल्प: उद्या गिअरबद्दल बोलायचं नाही. तिने विचारलं तरच.

२३ मार्च, रविवार
ही आली. बरोबर साडू. हिने वीतभर कापड शिवलं, कान देऊन ऐकलं. म्हणाली, छान चालतंय, चांगलं केलंत. चहा ठेवायला आत गेलो. बाहेर आलो तर साडू मशीनला दोरी बांधत होता.
मी विचारलं, तू राहायला आलीस ना? तिने शिवलेल्या तुकड्याची घडी घातली. मग म्हणाली, अहो, मी मशीन न्यायला आले.
चहा कुणी घेतला नाही, खाली गाडी आडवी लावली होती. साडूला एकट्याला मशीन उचलेना. दुसरी बाजू मी धरली. तीन जिने. वळणावर ही म्हणाली, जपून हं, तुमची पाठ.
गाडी गेली. मी तसाच रस्त्यात उभा.
ती परत येणार नाही. मला आधीपासून ठाऊक होतं, असं लिहिणार होतो. नव्हतं ठाऊक.
मशीन बिघडलेलं होतं तोवर निदान फोन तरी व्हायचा.