बाकांना पायमोजे

गुरुवार, दिवेलागणीनंतर

आजही आरतीला झांज घेतली नाही. सासूबाई म्हणाल्याच, "देवाला जागवतेस की झोपवतेस गो?" पण माझी मुक्ता शेवटपर्यंत समईपाशी उभी होती, कानांवर हात न ठेवता. घरात जमतं, मग वर्गात का जमू नये?

सकाळी मुख्याध्यापक बाई म्हणाल्या, "कुणाचाही बाक सरकला की ही किंचाळते. तिला व्हरांड्यात बसवू." व्हरांड्यात! तिसरीतली पोर तिथे शिकणार काय, माड मोजायला? मी म्हटलं, "बाई, मुलीला कशाला हलवता? बाकांनाच गप्प करू." त्या हसल्या. "करून दाखवा."

तेवढ्यात वर्गात बाकाचा लोखंडी पाय फरशीवर खर्रकन घासला आणि माझ्याच अंगावर काटा आला. डॉक्टर सांगत होते, हिला आवाज आपल्यापेक्षा फार मोठे लागतात. मला ते खरं कळलं आज.

संध्याकाळी जुनी गोधडी उसवून बाकांच्या पायांना मोजे शिवायला घेतले, वर घट्ट नाडी. नवं कापड कशाला? पहिले चार मुक्ताने आमच्या लोखंडी स्टुलाला चढवले आणि घरभर ओढत फिरली. "आई, हा ओरडत नाही!"

सासूबाई बघत होत्या. उठून आपलं मऊ लुगडं आणून पुढ्यात टाकलं. "गोधडी पुरायची नाय. सगळ्या वर्गाला शिव."

उद्या प्रार्थनेआधी पोचायचं. बाकांखाली वाकून मोजे मीच चढवीन. बाई हसल्या तर हसू देत, माझी मुलगी व्हरांड्यात बसणार नाही.