शिळी दावत

अब्बा, आज डॉक्टरबाईंनी माझी दोन्ही पावलं नीट तपासली. अंगठ्याला टोचून विचारलं, "कळतंय का?" मी म्हटलं, "चांगलं कळतंय, जरा हळू टोचा." त्या हसल्या. तीन महिन्यांच्या साखरेचा कागद माझ्यापुढं सरकवत म्हणाल्या, "नऊ वर्षं झाली, अजून एकाच गोळीवर आहात. खाता तरी काय?" पुंडलिकनगरला घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होते, म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचता यायचं नाही, ठाऊक आहे. पण मला मराठी शाळेत घातलं तुम्हीच, आणि पुढं मी मराठीचीच बाई झाले, तेव्हा आता ऐकून घ्या.

साखर निघाली तेव्हा मला आधी दादा आठवले, तुमचे अब्बा. तेही तुमच्यासारखेच लग्नांत नान आणि मटणाचा खलिया करणारे आचारी. साखरेपायी पंचावन्नाव्या वर्षी त्यांचा पाय कापावा लागला, आणि मग ते पडेगावच्या घराच्या ओट्यावरून कधी उतरलेच नाहीत. मला तसं बसायचं नव्हतं. घाबरून मी हाती लागेल तो खाण्याचा तक्ता पाळला. एकानं पोळी-भात बंद केला, दुसऱ्यानं दोनदाच जेवायला सांगितलं, तिसऱ्यानं सकाळी दुधीचा रस पाजला. एक ना धड, भाराभर चिंध्या. प्रत्येक तक्ता पुढच्या लग्नापर्यंत टिकायचा. आपल्यात दावतीला हात आखडून बसलं की यजमानांना वाटतं, बाई रुसल्या. मग मी नान मोडायची, वरून तर्री ओतून घ्यायची, आणि पथ्य मोडलंच आहे तर मोडू दे म्हणून महिनाभर हवं ते खात राहायची. साखर वाढतच गेली.

मग एका रविवारी तुमचा पितळी डबा घासायला काढला आणि हात थांबले. मी दहा वर्षांची आहे. खुलताबादचं लग्न उरकून तुम्ही दुपारी घरी येता, कपड्यांना धूर आणि हळदीचा वास. सोबत आचाऱ्याचा हिस्सा: भगुलंभर खलिया आणि फडक्यात गुंडाळलेले पिवळे नान. आम्ही वासानंच अर्धमेले. तुम्ही घरात प्रत्येकाला मटणाची एक बोटी आणि चतकोर नान देता, आणि बाकी सगळं डब्यांत भरून गल्लीत वाटायला काढता. "घ्या मावशी, गरम हाय तवर खा. उद्याला ठिवू नका." मावशी विचारतात, "तुमच्या लेकरांला ठिवलं का नाय, भाऊ?" तुम्ही खुशाल सांगता, "लई ठिवलं." आणि संध्याकाळी आमच्या ताटात ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी.

त्या दिवशी मी ताट ढकललं. "अपने हिस्से का लोगां कू कायकू देते?" एरवी तुमचा आवाज कधी चढत नसे. त्या दिवशी चढला. "देग में तेल कित्ता पड्या, मेरे कू मालूम है. बासी दावत घर में नक्को. दावत एक दिन की, भाकर रोज की. तेरे दादा तीन-तीन दिन यईच खाते थे." मला तेव्हा शेवटच्या वाक्याचा अर्थ लागला नाही. गल्लीत मोठेपणा मिरवायला अब्बा आमच्या तोंडचा घास काढतात, एवढंच मी धरून बसले. पुढं कितीतरी वर्षं ते धरूनच होते, याचं आज वाईट वाटतं.

तुम्ही स्वतः दावतीला कधी नाही म्हटलं नाही. शेवटचा पाहुणा उठला की तुम्ही रश्श्याच्या त्या भल्यामोठ्या देगेजवळ बसायचात, एक नान घ्यायचात, आणि बोटं चाटून खायचात. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकर. ना पस्तावा, ना उपास. डबा घासता घासता माझ्या डोक्यात उजेड पडला, की माझ्या एकाही तक्त्यात दावत नव्हती. मी तुमचंच सुरू केलं. रोज भाकरी, पालेभाजी, वरण, मूठभर शेंगदाणे, आणि दिवस मावळला की जेवण. दावत आली तर एक नान, मनापासून. घरी मात्र काही आणायचं नाही.

मागच्या महिन्यात माझ्या धाकटीचं लग्न झालं. अर्धी देग उरली, ती मी मांडवातूनच वाटायला लावली. थोरली म्हणाली, "अम्मी, घर कू थोडा तो रखो." मी ओरडले, "बासी दावत घर में नक्को!" आवाज असा निघाला की तुमच्या हाताखाली शिकलेले म्हातारे आचारी हातातला झारा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिले. मला जराही लाज वाटली नाही. उलट अभिमानच वाटला. तुम्ही चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत दोन्ही पायांवर देगेपाशी उभे राहिलात. मी सत्तावन्नची झाले, दादांचं वय मागं टाकून दोन वर्षं होऊन गेली, आणि आजही शाळेचे दोन जिने न थांबता चढते. डॉक्टरबाईंना वाटतं, हे गोळीचं काम.

हा कागद तुमच्या पितळी डब्यातच घालून ठेवणार आहे, म्हणून एक गोष्ट सांगून टाकते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या त्या मावशींचा डबा पोचवायचं काम माझं असायचं. वळणावरच्या भिंतीआड मी झाकण काढायची, एक बोटी खायची, परकराला बोटं पुसायची आणि साळसूदपणे डबा मावशींच्या हाती द्यायची. अब्बांना पत्ता नाही, याचा मला केवढा तोरा होता! तुम्ही डबे भरायचात ते माणशी एक बोटी, घरटी मोजून. मावशींच्या डब्यात नेहमी पाच असायच्या. त्यांच्या घरात माणसं चार होती, हे मी आज लिहिताना पहिल्यांदा मोजलं.